खिळीची खातरजमा

दसरा उलटून, वेचणीच्या आरंभीचा सीतादहीचा नेम आटोपून कापसाचे पहिले वेचे घरात येऊ लागले, की यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी या गावांबाहेरील जिनांसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागू लागतात. फळ्यांच्याही वर हातभर चढवलेला, माणसांनी आत उभे राहून तुडवलेला आणि वरून दोरांनी आवळलेला तो पांढरा ढीग पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच ढिगावर जाते. भावाची, ओलाव्याची, काट्यावर किती भरेल याची चर्चा चालते. परंतु तो सारा डोलारा ज्या एका लोखंडी खिळीच्या भरवशावर कित्येक कोस रस्ता कापून तिथवर पोहोचलेला असतो, तिच्याकडे पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागील हुकाच्या जबड्यात ट्रॉलीच्या दांडीची कडी सरकवावयाची, भोके एका रेषेत आणून त्यांतून पिन खाली सोडावयाची, आणि ती पुन्हा वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला क्लिप घालावयाची, एवढाच हा व्यवहार. तो खरोखर पुरा झाला आहे किंवा नाही याची खातरजमा कशी करावी, आणि ती दर खेपेस का करावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

ट्रॅक्टर येण्यापूर्वी याच रस्त्यांवरून बैलबंडी चालत असे, आणि काही भागांत अजूनही चालते. बंडीची रचना बारकाईने पाहिली, तर तिच्या कारागिरांनी एक भेद फार पूर्वीच ओळखलेला दिसतो. बैल ओढतो तो मानेवरील जुवाने. जुवाच्या टोकाची शिवळ ओझे ओढत नाही, ती केवळ बैलाची मान जुवाखालून बाजूला सरकू देत नाही. गाडीचा भार झेलतो तो आस. आसाच्या टोकाची खीळ तो भार झेलत नाही, ती केवळ चाकाला आसावरून निसटू देत नाही. भार वाहणारा अवयव वेगळा आणि त्याला जागेवर ठेवणारा अवयव वेगळा, अशी ही योजना आहे. आणि दुसरा अवयव पहिल्याच्या मानाने इतका लहान व किरकोळ दिसतो, की हेळसांड व्हावयाची ती त्याचीच होते. कैकेयीची जी कथा आपल्याकडे कीर्तनांतून सांगितली जाते, तिच्या एका पाठातही रणांगणावर दशरथाच्या रथाचा आस मोडत नाही किंवा चाक फुटत नाही. खीळ निसटते, आणि एवढ्याशा खिळीच्या जागी राणीला आपला हात घालावा लागतो.

ट्रॅक्टरच्या जोडणीत पिन ही आसाच्या जागी आहे आणि क्लिप ही खिळीच्या जागी. वास्तविक चांगली पिन तुटणे फार कठीण आहे, हे थोड्याशा हिशेबाने पटेल. ३० मिलिमीटर व्यासाची पोलादी पिन घेतली, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस मिलिमीटर भरते. हुकाच्या जबड्यात ती वरच्या व खालच्या अशा दोन पट्ट्यांमधून जात असल्यामुळे तिला कापावयाचे म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी कापावे लागते. साध्या पोलादाची कातरशक्ती धरली, तरी त्यासाठी तीस टनांहून अधिक जोर लागेल. याच्या उलट, पाच टनांची भरलेली ट्रॉली पक्क्या सपाट डांबरी रस्त्यावरून संथपणे ओढावयास दीडशे-दोनशे किलोंचा ओढा पुरतो. मग जोडणी सुटल्याच्या वार्ता कानी पडतात त्या कशा? पिन ओढाने तुटलेली नसते. ती बहुधा आपल्या भोकातून उभीच्या उभी वर निघून गेलेली असते. हे एकदा ध्यानात आले, म्हणजे तपासणी कोठे करावयाची हेही आपोआप ठरते.

आता पिन वर का यावी? ट्रॅक्टर ओढत असतो तोवर कडी पिनेला मागे घट्ट ओढून धरते आणि त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण पिनेला जखडून ठेवते. त्या क्षणी पिन हाताने उपटू म्हटले तरी उपटत नाही. पण रस्ता काही अखंड ओढीचा नसतो. गतिरोधक आला, खड्डा आला, समोरून बस आल्यामुळे चालकाने वेग कमी केला, की ट्रॉली आपल्याच वेगाने पुढे सरकते, कडी आणि पिन यांच्यामधील ताण नाहीसा होतो आणि त्या निमिषमात्रात पिन सर्वस्वी मोकळी असते. नेमका त्याच वेळी खड्ड्याचा धक्का खालून बसला, तर ती बोटभर वर उडते. पुन्हा ताण आला, की वर आलेल्या जागीच जखडली जाते. पुढच्या खड्ड्याला आणखी बोटभर. अशा रीतीने क्लिप नसलेली पिन एकाएकी न पडता हप्त्याहप्त्याने बाहेर पडते, आणि म्हणूनच निघताना ती व्यवस्थित दिसली होती, ही चालकाची जबानी अनेकदा खरी असूनही तिचा उपयोग नसतो.

या झटक्यांचे परिमाणही समजून घेण्यासारखे आहे. कडीचे भोक पिनेपेक्षा बरेच मोठे असेल, किंवा झिजून लांबट झाले असेल, तर दोहोंमध्ये मोकळी जागा राहते आणि तेवढ्या जागेत ट्रॅक्टर व ट्रॉली एकमेकांपासून दूर जाऊन पुन्हा आदळू शकतात. ट्रॅक्टर दोन टनांचा, ट्रॉली पाच टनांची, आणि दोघांच्या वेगातील फरक सेकंदाला अवघा अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाहूनही कमी, असे धरले आणि तो फरक ५ मिलिमीटरच्या अंतरात नाहीसा होतो असे मानले, तर पिनेवर येणारा सरासरी जोर साडेतीन टनांच्या वर जातो. म्हणजे संथ ओढीच्या जवळजवळ वीसपट. हा मारा वर्षानुवर्षे सोसून पिनेची कंबर बारीक होते, भोक आणखी लांबते, भोक लांबल्यामुळे झटका आणखी वाढतो. या चक्रात सापडलेल्या जोडणीचा आवाज रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यालाही ऐकू येतो. वेग कमी-जास्त होताना जो ठणठणाट होतो, तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

मालाच्या स्वरूपाप्रमाणे धोक्याचे स्वरूपही बदलते. दोनचाकी ट्रॉलीचा आस मध्यापासून किंचित मागे असतो, त्यामुळे भार नीट बसवला तर त्यातील काही अंश दांडीवर येतो व कडी हुकावर दाबून राहते. परंतु कापूस भरताना पुढच्या बाजूस माणसे उभी राहून माल मागे लोटीत जातात आणि शेवटी मागच्या फळीवरून तो बाहेर फुगतो; मग भार मागे झुकतो, दांडी वर उचलू पाहते, आणि कडी पिनेला खालून सतत वर ढकलीत राहते. रेती किंवा शेणखत यांसाठी जी उलटणारी ट्रॉली वापरतात, तिच्या बाबतीत हेच अधिक तीव्रतेने घडते. जॅकने पेटी वर उचलली आणि मागचे दार मोकळे झाले नाही, किंवा माल आतच चिकटून राहिला, तर सारा भार आसाच्या मागे जातो व दांडी ट्रॅक्टरला पाठीमागून उचलू लागते. त्या वेळी क्लिप नसेल, तर दांडी हुकातून सुटून आकाशाकडे जाते आणि तिच्या आसपास जो कोणी उभा असेल त्याची धडगत नसते.

पाण्याचा टँकर हा याहून निराळा प्रकार आहे. यवतमाळ शहराने निळोणा आणि चापडोह या आपल्या दोन जलाशयांचा तळ पाहिलेला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात तर गल्लोगल्ली ट्रॅक्टरमागील टँकरचीच वाट पाहिली जात असे. पूर्ण भरलेला टँकर जड असतो, पण त्यातील पाणी हलत नाही. रिकामा टँकर हलका असतो. अर्धा रिकामा करून पुढच्या वस्तीकडे निघालेला टँकर मात्र सर्वांत त्रासदायक, कारण ब्रेक लावला की आतील टनभर पाणी पुढच्या भिंतीवर आपटते, मग मागे फिरून मागच्या भिंतीवर आपटते, आणि ट्रॅक्टर उभा राहिल्यावरही काही वेळ जोडणी पुढे-मागे हिसकत राहते. टाकीत आडवे पडदे बसवलेले असतात ते याच कारणासाठी. ते गंजून गळून पडले असतील, तर त्याची शिक्षा टाकीला होत नाही, पिनेला होते.

तेव्हा आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिली गोष्ट माणसाच्या जीविताची आहे, आणि ती सर्व यांत्रिक बाबींच्या आधी सांगितली पाहिजे: ट्रॅक्टर मागे येत असताना हुक आणि दांडी यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. दांडी हाताने उचलून धरावयाची आणि चालकाने अंदाजाने मागे यावयाचे, ही आपल्याकडील सर्रास रीत आहे. क्लचवरील पाय एकदा घसरला, की मधला माणूस चिरडला जातो. दांडीला स्वतःचा पाय किंवा जॅक असावा, ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, चालकाने कडीसमोर येऊन थांबावे, गिअर काढून हातब्रेक ओढावा, आणि त्यानंतरच सोबत्याने बाजूने वाकून पिन घालावी.

पिन घातल्यावर नजर टाकून समाधान मानण्याचा मोह होतो, परंतु या ठिकाणी नजरेचा पुरावा अपुरा आहे. वरून दिसते ते पिनेचे डोके. ते हुकावर टेकलेले असले, तरी पिन हुकाची वरची पट्टी आणि कडी यांतूनच गेली आहे व खालच्या पट्टीच्या भोकात उतरलीच नाही, असे होऊ शकते, विशेषतः पिन आखूड असेल तेव्हा. म्हणून हात खाली घालून पिनेचे टोक खालच्या पट्टीबाहेर आले आहे हे चाचपावे, क्लिपचा डोळा तिथेच सापडतो. क्लिप त्यातून आरपार गेली आहे आणि तिचा वाकडा पाय पिनेच्या अंगावर चढून बसला आहे, हे बोटाने पाहावे. मग पिनेचे डोके धरून ती जोराने वर ओढावी. क्लिप अडेल तिथे ती खटकन् थांबली पाहिजे. जिनाच्या आवारात एखादा जाणता चालक आपल्या पोरसवदा सोबत्याला खेकसून सांगताना ऐकू येते, "पिन टाकली म्हंजे झालं का बे? वरतं ओढून पाय अगोदर!" या खेकसण्यात यंत्रशास्त्राचा सारा अर्क आहे. तपासणी म्हणजे जोडणी जशी आहे तशी न्याहाळणे नव्हे, ज्या दिशेने ती सुटू शकते त्या दिशेने तिला सोडवण्याचा प्रयत्न करणे होय.

त्यानंतरची पायरी ओढीची. चाकांचे ठोकळे अजून काढावयाचे नाहीत. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर हळूच पुढे घेऊन जोडणी ताणून पाहावी, मग किंचित मागे घेऊन सैल करावी, उतरून पिन पुन्हा ओढून पाहावी. जॅक वर घेतला, ठोकळे काढले, सुरक्षा-साखळी अडकवली, मगच निघावे. ही साखळी वळणावर ताणली जाणार नाही इतकी लांब आणि रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड असावी. पिन दगा देईल तेव्हा दांडी जमिनीत रुतण्यापूर्वी तिला धरून ठेवणे, एवढेच तिचे काम. ती हुकाच्या पिनेलाच अडकवण्यात काही अर्थ नाही, कारण पिनेबरोबर तीही जाईल; ट्रॅक्टरच्या चौकटीवर तिला स्वतंत्र जागा हवी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना अशी साखळीच नसते, हे मोठे दुर्दैव आहे.

या साखळीचे महत्त्व रेल्वेशी तुलना केल्यावर अधिक उमगते. यवतमाळचा कापूस जिच्यामुळे मुंबईच्या वाटेला लागला, ती मूर्तिजापूरची अरुंद मापाची शकुंतला रेल्वे या जिल्ह्याच्या स्मरणात अजून आहे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर राबले. रेल्वेच्या कारभारात डबे जोडणारा कामगार वेगळा, इंजिनचालक वेगळा, गार्ड वेगळा, आणि एकाच्या गफलतीवर दुसऱ्याची नजर असते. पण त्याहून महत्त्वाचे असे, की निर्वात ब्रेकच्या गाडीत डब्यांमधून सलग नळी गेलेली असते. गाडी मध्येच तुटली तर नळीही तुटते, बाहेरची हवा आत शिरते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतात. सुटलेली ट्रॉली थांबवणारे तिच्यात काहीही नाही. चढावर सुटली तर ती मागच्या वाहनांवर जाते, उतारावर सुटली तर खुद्द ट्रॅक्टरला गाठते. यवतमाळचे पठार उतरणारे रस्ते आणि पुसदच्या भोवतालचे घाट यांवरून दोन-दोन ट्रॉल्या ओढीत पोफाळीच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणारा ट्रॅक्टर पाहिला, म्हणजे तीन वाहनांमधील दोन पिनांवर केवढी जोखीम सोपवली आहे, याची कल्पना येते. मागच्या जोडणीची पिन तर चालकाला आपल्या आसनावरून दिसतही नाही.

नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र ही अवजारे ट्रॉलीप्रमाणे हुकाला न लावता तीन बाहूंच्या जोडणीवर चढवली जातात. तिचे श्रेय आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनकडे जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारच्या वतीने ट्रॅक्टरांची देखरेख करीत असताना त्याने पाहिले, की मागे नांगर नुसता लोंबकळत ओढला जातो तेव्हा तो दगडाला अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि यंत्र चालकावर उलटे पडते. खालचे दोन बाहू ओढणारे आणि वरचा एक दाबणारा, अशी रचना करून १९२६ मध्ये त्याने एकस्व घेतले, आणि आज गावोगावच्या ट्रॅक्टरांमागे तीच दिसते. तिच्या प्रत्येक टोकाला कडीची लिंच पिन असते. कडी उलटून पिनेच्या अंगावर बसली, की ती कुलूपबंद झाली. कडीतील स्प्रिंग ढिली पडली असेल, तर काडी-कचऱ्यात अडकून ती उघडते, आणि तिच्या जागी तार पिळण्याची वाईट सवय सर्वत्र आहे. अडकलेले वाहन किंवा झाडाचा बुंधा ओढावयाचा असेल, तेव्हा साखळी वरच्या बाहूच्या जागी कदापि बांधू नये. ओढ मागच्या आसाच्या वर गेली, की ट्रॅक्टर दीड-दोन सेकंदांत मागे उलटतो आणि उडी मारण्यासही अवधी राहत नाही. टोचन करावयाचे ते नेहमी खालच्या हुकानेच.

मोटारगाडीमागे काढता-घालता येणारी टोचन-मान आपल्याकडे विरळ असली, तरी युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या गाड्यांना ती सर्रास असते, आणि तिचेही तत्त्व हेच आहे. बंपरखालील कोशात मान वर ढकलली, की आतील स्प्रिंगच्या जोराने पोलादी गोळ्या किंवा पाचर खाचेत जाऊन बसतात. खटका ऐकू येतो. परंतु खटका म्हणजे कुलूप नव्हे. कोशात वाळू किंवा गंज असेल, तर गोळ्या अर्ध्यावरच थांबतात आणि मान तरीही लोंबकळत राहते. म्हणून बहुतेक रचनांत फिरवण्याच्या मुठीवर हिरवी-तांबडी खूण ठेवलेली असते, आणि किल्ली जोडणी पूर्ण बसल्याखेरीज बाहेर येत नाही; किल्ली हाती आली नाही, तर मान बसलेली नाही असे निःशंक समजावे. मग मानेला दोन्ही हातांनी खाली व बाजूंना हिसका द्यावा, ती तिळभरही डुलता कामा नये. तिच्या टोकाचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो आणि झिजून ४९ मिलिमीटरवर आला की तो बदलावयाचा असतो. अमेरिकी पद्धतीचा दोन इंची गोळा ५०.८ मिलिमीटर भरतो. त्याच्या मापाची ट्रेलरची टोपी ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसते खरी, पण सैल बसते, आणि हा पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

पुन्हा आपल्या ट्रॉलीकडे येऊन एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. अपघात झाला, की कसूर चालकाच्या माथी मारली जाते. तो रोजंदारीवर असतो, रात्रीच्या पाळीत असतो, आणि हरवलेल्या पिनेच्या जागी इमारतीच्या सळईचा तुकडा घालावयास त्याला अनेकदा मालकानेच सांगितलेले असते. सळईला डोके नसते, क्लिपसाठी भोक नसते, व तिच्या अंगावरील उंचवटे कडीला नुसते कानशीसारखे खातात. बोल्ट घातला, तर आट्यांवरच मार बसून त्या झिजतात आणि नट ढिला होतो. डोके, मूठ आणि क्लिपचे भोक असलेली घडीव पिन आणि तिची क्लिप यांची किंमत ट्रॉलीभर कापसाच्या मानाने अगदी मामुली आहे. ती विकत आणून देण्याची, आणि एक जादा क्लिप ट्रॅक्टरच्या पेटीत कायम ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, असे माझे ठाम मत आहे. कडी फाटली असेल, तर ती गावच्या वेल्डिंगच्या दुकानात भरून घेण्याऐवजी बदलावी. भरलेल्या जागेशेजारील पोलाद उष्णतेने ठिसूळ होते व तडा तिथूनच जातो.

वर सांगितलेली तपासणी घरून निघताना एकदा करून भागत नाही. माल भरून झाल्यावर भार बदललेला असतो, म्हणून भरल्यावर ती पुन्हा करावी. काट्यावर ट्रॉली सोडून पुन्हा जोडली असेल तर पुन्हा. आणि माल रिकामा करून परतताना तर विशेषकरून, कारण रिकामी ट्रॉली खड्ड्यांवर अधिक उसळते आणि घराच्या ओढीने चालकाचा वेगही वाढलेला असतो. रात्री ट्रॉली सोडून ठेवावयाची झाल्यास पिन चिखलात किंवा पेटीच्या तळाशी टाकू नये; ती पुसून, हुकाच्याच भोकांत घालून, खालून क्लिप लावून ठेवावी, म्हणजे पहाटे अंधारात जोडणी करणाऱ्याच्या हाती दोन्ही वस्तू एकाच जागी लागतात.